मुरूमपट्टीतली जागा

बुधवारी सकाळी खड्डा खणणारे सहा जण पहारी-कुदळी घेऊन अंगणात येऊन बसले, तरी आईला कुठे ठेवायचं हे घरात ठरलं नव्हतं.

मारिगू रविवारी पहाटे गेली. तिचा देह तालुक्याच्या शवागारात होता, गुरुवारी दुपारी गाडी तिला घेऊन येणार होती. तंबू, खुर्च्या, पाद्री सगळं ठरलं होतं. जागेचं मात्र प्रत्येकानं दुसऱ्यानं ठरवलं असेल असं धरलं होतं.

इगोकीनं खणणाऱ्यांना चहा दिला. त्यांच्यातला म्होरक्या म्बोगो कपाकडे न बघता म्हणाला, "जागा दाखव, बाई. ऊन चढलं की दगड दुप्पट होतो."

"वडलांच्या शेजारी," इगोकी म्हणाली.

"वडलांच्या वेळी मीच होतो पहारीवर. सहा वर्षं झाली, खांदा अजून दुखतो." म्बोगोनं चहा संपवला. "आणि आता तर तिकडे तुझ्या भावाच्या नव्या घराची भिंत आलीये. मधे एक पट्टा उरलाय, तो सगळा कातळ. पुन्हा एकदा विचारा घरात."

म्हणून सगळे अवोकाडोच्या झाडाखाली बसले. रुंजीकाका, म्हणजे वडलांचे धाकटे भाऊ, मधल्या खुर्चीत. कानाला कमी ऐकू यायचं, पण या कुळात आता त्यांच्या वर कोणी नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताला थोरला न्जिरू, टोपी मांडीवर ठेवून. धाकटा न्यागा जरा लांब, आपल्या गाडीच्या चाकाला टेकून. इगोकी जमिनीवर.

"बोला," रुंजीकाका म्हणाले.

न्जिरूनं घसा साफ केला. "काका, यात बोलण्यासारखं काही नाही. आईनं मला सांगून ठेवलं होतं. तिला खाली ठेवायचं. मुरूमपट्टीत."

इगोकीनं मान वर केली.

मुरूमपट्टी म्हणजे तिचा टोमॅटोचा तुकडा. दहा वर्षांपूर्वी ती मेरूकडचं सासर सोडून एक पेटी घेऊन माहेरी आली तेव्हा वडील जिवंत होते. रस्ता झाला तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी उतारावरचा मुरूम खणून नेला होता आणि मागे एक लाल, उघडा खड्डा ठेवला होता. गवतसुद्धा तिथे धरत नव्हतं. वडील म्हणाले होते, "ती घे. तिथं तुझ्यानं काही उगवलं, तर तुझं." हसण्यावारी म्हणाले होते, की मनापासून, ते कधी कळलं नाही. कागदावर सगळी जमीन अजून त्यांच्याच नावावर होती.

मग चर्चमधल्या बायकांच्या गटामुळे अंगणात गोबरगॅसची टाकी आली. दोन गाईंचं शेण रोज सकाळी पाण्यात कालवून मायलेकी टाकीत सोडायच्या. गॅस चुलीला जायचा आणि दुसऱ्या तोंडानं काळपट पातळ स्लरी बाहेर यायची, वास नसलेली. पहिल्या वर्षी इगोकीनं ती तशीच रोपांच्या बुडाशी ओतली आणि चार दिवसांत अख्खी ओळ करपली. न्जिरूची बायको कुंपणावरून म्हणाली होती, "शेणानं पोट भरत असतं तर गाई कशाला चरल्या असत्या?" पुढच्या वर्षी इगोकी शिकली. एक बादली स्लरीला दोन बादल्या पाणी. स्लरीही ताजी नाही, बाहेर दोन दिवस मुरलेली. पानांवर नाही, बुडाशी नाही, दोन ओळींमधल्या सरीत. वरून मक्याची वाळकी ताटं झाकायची. उरलेली स्लरी पालापाचोळ्यात मुरवायची, एक हंगाम टोमॅटो, एक हंगाम घेवडा. तिसऱ्या वर्षी आईनं तिला हाका मारून खाली बोलावलं होतं. आईच्या तळव्यावर एक गांडूळ होतं, मातीनं माखलेलं. दोघी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसल्या होत्या.

आता तिथे हात कोपरापर्यंत जाई. या हंगामाची पहिली तोडणी चालू होती.

"कधी सांगितलं आईनं?" इगोकीनं विचारलं.

"सांगितलं होतं. मागे." न्जिरू तिच्याकडे बघत नव्हता. "माती मऊ आहे म्हणाली. जागाही मोकळी आहे. थडगं झालं की ते घरचं स्थान झालं. मी कुंपण घालीन, बाजूनं मुगुकाची झुडपं लावीन, चघळायला त्याची पानं विकली जातात. थडग्याशेजारी कोणी टोमॅटो लावून खात नाही, हे तुलाही कळतं."

हे सगळ्यांनाच कळत होतं. आईबापाचं थडगं जिथे, ती जमीन थोरल्याची. तिथून कोणी त्याला उठवू शकत नाही, आणि लेकीला तर तिथे पाय ठेवताना विचारावं लागतं.

इगोकी मात्र अडकली ती वेगळ्याच कारणानं. न्जिरू खोटं बोलत होता. तीन महिने तो आईच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच 'कशी आहेस' विचारून जात होता. पण तो जे बोलला ते खरं होतं. शुक्रवारी दुपारी इगोकी आईचं अंग पुसत होती, तेव्हा आई म्हणाली होती, "मला खाली ठेव. आपण केलेल्या मातीत. तुझ्या बापाशेजारी जन्मभर दगड फोडले, मेल्यावर तरी मऊ दे." आणि इगोकी म्हणाली होती, "ठेवते, आई." खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

*

स्वयंपाकघराची खिडकी अवोकाडोकडेच उघडत होती. न्जिरूची बायको वाविरा मोठ्या पातेल्यात दूध ढवळत उभी होती. पातेल्याखालची निळी ज्योत त्याच टाकीतून येत होती. गेली आठ वर्षं ती या ज्योतीवर रांधत होती आणि गेली आठ वर्षं नणंदेला 'शेणवाली' म्हणत होती. पहिल्यांदा रागानं, मग सवयीनं. एकदा बाजारात कुणीतरी तिच्यासमोर म्हणालं होतं, "तुमच्या शेणवालीचे टोमॅटो चार दिवस नरम पडत नाहीत हो," तेव्हा तिला उगाच बरं वाटलं होतं. घरी येऊन ते बोलली मात्र नाही.

नवऱ्याचा आवाज तिला ऐकू आला. त्याचा खोटं बोलतानाचा आवाज तिला सव्वीस वर्षं माहीत होता. तो जरा मऊ होई.

तो वाईट माणूस नव्हता. त्याला एक भीती होती आणि ती तो अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा बोलून दाखवी. इगोकीचा मुलगा मेरूला बापाकडे वाढत होता. उद्या तो मिशा फुटल्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की ही माझ्या आईची जमीन, तर? दुसऱ्या कुळाचा माणूस आपल्या घराच्या मधोमध? वाविरालाही ते पटत आलं होतं. मागच्या आठवड्यापर्यंत.

मागच्या आठवड्यात करिमीचा, तिच्या थोरल्या लेकीचा, फोन आला होता. तिनं आधी गाईंची, पावसाची चौकशी केली. मग म्हणाली, "आई, मी परत आले तर चालेल?"

वाविरानं जे सगळ्या आया म्हणतात तेच म्हटलं होतं. सहन कर, संसार आहे, दिवस बदलतात. करिमी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बरं'नं वाविराची झोप उडाली होती.

दूध उतू जायच्या बेतात आलं. तिनं ज्योत बारीक केली. कोणतीही लेक परत आली तर तिला काय मिळतं, ते बाहेर झाडाखाली ठरत होतं. तिनं किटली उचलली, कमरेच्या फडक्यानं हात पुसले आणि बाहेर आली.

रुंजीकाकांच्या कपात चहा ओतता ओतता ती म्हणाली, "काका, माझं ऐकणार असाल तर एक सांगते. आईंनी मला सांगितलं होतं. त्यांना मामंजींच्या शेजारी जायचं होतं."

न्जिरूच्या मांडीवरची टोपी खाली पडली. "तू कधी बसलीस आईपाशी?"

"तुम्ही कधी बसलात?"

खणणाऱ्यांपैकी कुणीतरी खाकरलं.

"घरात चल," न्जिरू हळू आवाजात म्हणाला.

"येते. दूध गॅसवर आहे," ती म्हणाली, पण हलली नाही.

*

न्यागाला वाटलं, आपण गाडीत बसून निघून जावं.

सोमवारी त्यानं ताईला फोनवर सांगितलं होतं, "मी आहे ना. दादा काही करायला लागला तर मी बोलेन." आणि काल संध्याकाळी न्जिरूनं त्याला रस्त्याकडच्या बाजूला नेऊन जमीन दाखवली होती. "वाटण्या होतील तेव्हा हा कोपरा तुला. गाड्या दुरुस्तीचं दुकान टाक. फक्त उद्या मधे बोलू नकोस." न्यागा हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. रात्रभर त्यानं मनात त्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड घातली होती.

"न्यागा," रुंजीकाका म्हणाले, "तुला काय माहीत?"

"मला… मी गाडीवर असतो, काका. मला आई काही बोलली नाही."

हे खरंच होतं. तरी ताईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यामुळे त्याला चाकावरचा चिखल नखानं खरवडत बसावं लागलं.

रुंजीकाकांनी चहाचा घोट घेतला. "एक म्हणतो खाली, एक म्हणते वर. दोघांपैकी एकाला आई नीट ऐकू आली नाही. माझ्यासारखे बहिरे झालात की काय सगळे?" कोणी हसलं नाही. म्हातारा इगोकीकडे वळला. "पोरी, तीन महिने तिचं हगणं-मुतणं तू काढलंस. शेवटचं पाणी तू पाजलंस. तू सांग. तू म्हणशील ते होईल. न्जिरू, हे तुला मान्य?"

न्जिरूनं पडलेल्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिचा त्यात स्वार्थ आहे, काका."

"तुझा नाही?"

"मान्य," न्जिरू म्हणाला.

सगळे इगोकीकडे बघू लागले. न्यागानंही बघितलं. ती आपल्या हातांकडे पाहत होती. टोमॅटोच्या झाडांत वावरून बोटं हिरवट काळी झाली होती, साबणानं न निघणारी. एक कोंबडी तिच्या पायापर्यंत येऊन दाणे टिपून गेली. न्यागाला वाटलं, ती रडणार. लहानपणी त्यानं साखर खाल्ली तरी मार तिलाच बसे, कारण तिला खोटं बोलता येत नसे आणि त्याला येत असे.

"वहिनी म्हणते तेच," ती म्हणाली. "वडलांच्या शेजारी."

"नक्की?"

"हो."

रुंजीकाकांनी म्बोगोला हात केला. वाविरा घरात गेली. न्जिरूनं टोपी उचलली, तिची माती झटकली आणि भिंतीआड निघून गेला. न्यागा उठला. काय करावं ते न सुचून त्यानं खणणाऱ्यांच्या ढिगातून एक घण उचलला आणि त्यांच्यामागून चालू लागला.

*

दिवसभर दगड फुटत होता.

वीतभर मातीखाली कातळ लागला. पहारी बोथट झाल्या, दोन वेळा धार लावून आणाव्या लागल्या. इगोकी पाहुण्यांसाठी घेवडा निवडत बसली होती. घणाचा प्रत्येक घाव तिला बसल्या जागी लागत होता. प्रार्थनेला आलेल्या बायका म्हणत होत्या, "मारिगूला नवऱ्याजवळच जायचं होतं म्हणे. केवढी माया." एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. इगोकीनं निवडलेले दाणे पुन्हा एकदा निवडले.

ऊन कलताना म्बोगो रुंजीकाकांकडे आला. त्याचे तळहात फुटले होते. "चार फूट झालंय. खाली अखंड पाषाण आहे. यापुढं सुरुंगच लागेल."

"बास," रुंजीकाका म्हणाले. "तेवढ्यात मावेल. हडकुळी होती."

गुरुवारी दुपारी तिला त्या चार फुटांत उतरवलं. पेटीची एक कडा खाली टेकेना, म्हणून न्यागानं आत उतरून दगडाचा एक कंगोरा छिन्नीनं काढला. बाहेर काढलेल्यात माती अशी नव्हतीच. ओंजळीत घ्यायला लोकांना चिपा मिळाल्या. शवपेटीच्या फळीवर त्या पडल्या तेव्हा लोखंडी पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. पाद्री आवाज चढवून वाचत राहिला. इगोकीची पाळी आली तेव्हा तिनं मुठीतले खडे सोडले आणि ते पडायच्या आत वळली.

शुक्रवारी तंबू सुटला. भाड्याच्या खुर्च्या न्यागाच्या गाडीत चढल्या. निघताना तो म्हणाला, "ताई, बरं झालं ना? पट्टी राहिली."

"राहिली," ती म्हणाली.

"मी बोलणार होतो."

"हो. सावकाश जा."

ती खाली पट्टीत आली. चार दिवसांत कोणी तोडणी केली नव्हती. पिकलेली फळं झाडावरच तडकली होती, काही पडली होती. तिनं टोपली घेतली आणि पहिल्या ओळीत वाकली. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली.

न्जिरू होता. तो बांधावरच थांबला. चपला काढून त्यानं एक पाय आत ठेवला, तो घोट्याभर रुतला, तसा त्यानं पायाकडे पाहिलं.

"मी या पट्टीतून मुरमाच्या पाट्या वाहिल्यात," तो म्हणाला. "ठेकेदाराकडे. सतरा वर्षांचा होतो. पहार मारली की ठिणग्या उडायच्या."

इगोकी तोडत राहिली.

"आई मला काहीच बोलली नव्हती. ते मी म्हटलं आपलं."

"माहीत आहे."

"वाविरालाही बोलली नव्हती. वाविरानं काल रात्री कबूल केलं. का केलंस म्हटलं, तर रडायला लागली. करिमीचं काहीतरी सांगत होती." तो थांबला. त्याचा आवाज मऊ नव्हता, खरबरीत होता. "म्हणजे आम्ही दोघं खोटं बोललो. तू तिच्याजवळ होतीस. खरं काय म्हणाली ती?"

इगोकीच्या हातातलं फळ देठातून सुटलं. तिला एकदम वाटलं, सांगून टाकावं. हाही आईचाच मुलगा आहे. दोघांनी मिळून वाहिलं तर ओझं हलकं होईल. मग तिला दिसलं, की सांगितलं तर दगड पुन्हा उपसले जातील. आई पुन्हा एकदा उचलली जाईल आणि इथे, या ओळींच्या मधे, खणती उतरेल. न्जिरू ते आनंदानं करणार नाही. पण करील.

"झोपेतच असायची शेवटी," ती म्हणाली. "काही बोलली नाही."

न्जिरूनं मान हलवली. विश्वास बसला की नाही, ते दिसलं नाही. "वाटण्यांचं नंतर बोलू," तो म्हणाला. "एवढ्यात नको." चपला हातात घेऊन तो चढ चढून गेला.

ती ओळ संपवून इगोकी टोपलीपाशी आली. तिनं टोमॅटो बांधावर ओतले. मग टोपली घेऊन पट्टीच्या मधोमध गेली, जिथे सगळ्यात आधी माती धरली होती, आणि गुडघे टेकून दोन्ही हातांनी ती टोपलीत भरू लागली. वाळक्या ताटांखालची माती ओलसर आणि थंड होती. टोपली काठोकाठ भरल्यावर तिनं ती डोक्यावर घेतली आणि चढ चढू लागली. आईच्या अंगावरच्या त्या खड्यांवर ती पसरायची होती. एक थर. निदान वरून तरी.

कुंपणाच्या फटीपाशी ती थांबली. अंगणात रुंजीकाका अजून खुर्चीत बसले होते. वाविरा भांडी उन्हात पालथी घालत होती. न्जिरू थडग्यापाशी उकिडवा बसून लाल चिपा हातानं सारख्या करत होता. त्या लाल ढिगावर ही काळी माती पडली की त्याला विचारावंच लागणार नव्हतं. तो मान वर करून बघेल आणि त्याला कळेल.

माती डोक्यावर जड होत गेली. घामाचा एक ओघळ तिच्या कानामागून उतरला. थडग्याकडून न्जिरूच्या हाताखालच्या चिपांचा आवाज येत होता.

ती वळली. उतार उतरून, जिथून माती काढली होती तिथेच तिनं टोपली पालथी केली, खड्डा हातानं सपाट केला आणि वरून ताटं ओढून घेतली. मग टाकीच्या तोंडाशी जाऊन बादली स्लरीत बुडवली. चार दिवस कोणी काढली नव्हती, वर साय धरली होती. एकाला दोन पाणी घातलं. काठीनं ढवळलं. आणि एकटीच ती बादली उचलून दुसऱ्या ओळीकडे निघाली.